नोएडातलं घर, पुणेरी पलटण आणि महिन्याचा रिचार्ज

दिल्ली-एनसीआरमध्ये घर लागलं, गॅस आला, वायफाय आलं, की एक दिवस सेट-टॉप बॉक्स बसवणारा मुलगा दारात उभा राहतो आणि विचारतो, "मैडम, हिंदी फैमिली पैक लगा दूँ?" आपण घाईत असतो. हो म्हणून टाकतो. रात्री रिमोट घेऊन बसलं की कळतं, बातम्यांचे चॅनेल मोजता येणार नाहीत इतके आलेत आणि मराठी म्हणून हाताला लागतंय ते एकटं सह्याद्री.

तुम्ही विशी-पंचविशीत असाल, एकटे राहत असाल, तर हे तुम्हाला जाणवणारही नाही. सगळं मोबाईलवर चालतं. पण गावाहून आई-बाबा, आजी-आजोबा महिना-दोन महिने राहायला आले की हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतो: आपल्याकडचे चॅनेल, आपल्याकडचे खेळ इथे लावून घ्यायचे का? त्याचे वेगळे पैसे भरायचे का? दिल्लीत राहून मराठीसाठी दरमहा रिचार्ज, हे ऐकायला चैन वाटते. मला तशी वाटत नाही. का, ते सांगते.

अमेरिकेत बेसबॉल पाहणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे. तिथे एकेका संघाचे मोसमात 162 सामने होतात आणि बहुतेक सामने त्या त्या भागातलंच चॅनेल दाखवतं. बोस्टनचा माणूस नोकरीसाठी टेक्सासला गेला, तर त्याचा संघ तिथल्या टीव्हीवर रोज दिसत नाही. मग लीगच वर्गणी घेऊन इतर भागांतले सामने इंटरनेटवर दाखवते. एमएलबी टीव्ही म्हणतात त्याला. गंमत अशी, की तुम्ही जिथे राहता तिथला संघ त्यात बंद. आयोवा राज्याचा स्वतःचा एकही मोठा संघ नाही, पण आजूबाजूच्या सहा संघांनी ते राज्य आपल्या हद्दीत धरलं, म्हणून तिथल्या लोकांना पैसे भरूनही वर्षानुवर्षं त्या सहाही संघांचे सामने बंद! हद्दीवरून भांडण फक्त आपल्याकडे असतं असं कोण म्हणतं?

आपल्याकडे टीव्हीच्या बाबतीत ही भानगड नाही. डिशचा सिग्नल उपग्रहावरून येतो. तो सांगलीत उतरतो तसाच नोएडातही उतरतो. त्यामुळे डिश असेल आणि कुणी सांगितलं की "मराठी इथे येत नाही", तर ऐकून घेऊ नका. येतं, फक्त तुमच्या पॅकमध्ये घातलेलं नाही. केबलचं मात्र वेगळं आहे. केबलवाल्याने ते चॅनेल त्याच्या यादीत घेतलंच नसेल, तर पैसे देऊनही मिळणार नाही. म्हणून केबल घेण्याआधी त्याला चॅनेलचं नाव सांगून नंबर विचारायचा. "मिल जाएगा जी" हे उत्तर धरायचं नाही. नंबर सांगितला तर आहे, नाहीतर नाही.

दिल्लीतल्या जुन्या मराठी माणसांना यातलं काहीच मिळत नव्हतं. दिल्लीचं दूरदर्शन 1959 सालचं, मुंबई केंद्र 1972 चं. पण मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम दिल्लीच्या घरात दिसणार कसे? पुढे राष्ट्रीय प्रक्षेपणात रविवारी दुपारी एखाद्या प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागायचा. आज मल्याळम, पुढच्या आठवड्यात बंगाली, मग आसामी. मराठीची पाळी यायची तेव्हा पहाडगंज, करोलबागेतल्या घरांत दुपारची जेवणं लवकर उरकत, असं जुनी मंडळी सांगतात. 1999 च्या 15 ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झालं (आजचं झी मराठी) आणि दिल्लीत बसून रोज मराठी पाहता येईल अशी सोय झाली.

आमच्या घरचा हिशोब

माझे आजी-आजोबा विट्याचे. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दादाने दोघांना नोएडात आणलं. आमचं घर अकराव्या मजल्यावर. दादा-वहिनी नोकरीला, मी नोकरीला, पुतण्या आरव शाळेत. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा घरात दोघंच. आजीला हिंदी समजतं, पण उत्तर द्यायच्या वेळी शब्द येत नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई प्रेमाने "नमस्ते माताजी, खाना हो गया?" विचारतात. आजी नुसती हसते आणि वर आल्यावर म्हणते, "बाई चांगली हाय, पर पुढं काय बोलावं?"

पॅकचा विषय निघाला तेव्हा आजोबांनी आधी हातच झटकला. "अगं, मराठी आपण घरात बोलतोय की. त्याला पैसं कशाला टाकायचं?"

आजी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दिवसभर बोलायला घरात हाय कोण?"

दादाने त्याच रात्री यादी काढली.

आता आकडे बघा. 2019 पासून आपल्याकडे नियम असा आहे, की प्रत्येक पैसेवाल्या चॅनेलची सुटी किंमत जाहीर असते आणि तुम्ही ते सुटं मागू शकता. टीव्हीवरच्या चॅनेलयादीत ती किंमत लिहिलेली असते. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत 19 रुपयांच्या वर ठेवता येत नाही. मधे ही मर्यादा 12 वर आणायचं ठरलं होतं, पण 2022 च्या नोव्हेंबरात ट्रायने ती पुन्हा 19 केली. म्हणजे तुम्ही चार मराठी चॅनेल घेतले आणि चारही सगळ्यात महाग निघाले, तरी 76 रुपये. वर 18 टक्के जीएसटी धरला की 89 रुपये 68 पैसे. दिवसाला तीन रुपये. एवढ्यात नोएडात कटिंग चहाही येत नाही.

याशिवाय जोडणीचे पैसे असतात. 2019 मध्ये पहिल्या शंभर चॅनेलला जास्तीत जास्त 130 रुपये आणि कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे अशी मर्यादा होती. पुढे त्याच 130 मध्ये दोनशे चॅनेल द्यायचे ठरलं आणि 2024 च्या जुलैत ती मर्यादाच काढली. आता कंपनी ठरवेल ते. त्यामुळे दोन-तीन कंपन्यांचा हा आकडा आधी विचारा, चॅनेलचं नंतर बघा. बिल फुगतं ते बहुतेक मराठीमुळे नाही. कुणी न पाहणारे साठ चॅनेल "ऑफर"मध्ये आलेले असतात त्यांच्यामुळे फुगतं. आमच्याकडे तीन इंग्रजी सिनेमाचे चॅनेल सापडले. ते कुणी मागितले होते हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

ज्यांना दरमहा काहीच द्यायचं नाही, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेली सरकारी सेवा. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा. सह्याद्री त्यात आहेच. खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात, म्हणून त्यांची यादी बदलत राहते. मात्र उंच सोसायटीत बाल्कनीचं तोंड कुठे आहे आणि छत्री लावायला सोसायटी हो म्हणते का, हे आधी पाहावं लागतं. प्रसार भारतीने 2024 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचं अ‍ॅपही आणलं, दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी तेही चालतं.

आणि कबड्डी?

मालिकांचा प्रश्न आजीच्या एका वाक्यात सुटला. आजोबांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना कबड्डी हवी होती. तरुणपणी ते गावच्या संघात खेळलेत. त्यांच्या तोंडी अजून 'हुतूतू' येतं. त्यांचा संघ पुणेरी पलटण. विटा-पुणे अंतर बरंच आहे म्हटलं तर म्हणतात, "दिल्लीपेक्षा जवळच हाय की!"

भारताच्या राष्ट्रीय संघाचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, असा 2007 चा कायदा आहे. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ते प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि फ्री डिशवर दाखवावं, खासगी केबल-डिशवरून नाही. म्हणून क्रिकेटच्या वेळी तुमच्या बॉक्सवर डीडी स्पोर्ट्स असूनही सामना दिसत नाही. बॉक्स बिघडलेला नसतो. प्रो कबड्डी तर या यादीत बसतच नाही. ती पाहायची तर क्रीडा चॅनेल विकत घ्यायचं किंवा अ‍ॅपचे पैसे भरायचे.

इथे मात्र वर्षभराचे पैसे टाकायची गरज नाही. 2025 चा मोसम 29 ऑगस्टला सुरू झाला आणि 31 ऑक्टोबरला संपला. दोन महिने. सुटं चॅनेल तेवढ्यापुरतं घ्यायचं आणि काढून टाकायचं. काढताना काही अट आहे का, ते घेतानाच विचारायचं. अ‍ॅपचंही तसंच. जिओहॉटस्टार 2025 च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा मोबाईलवर पाहायचा पॅक तीन महिन्यांना 149 रुपये होता. टीव्हीवर चालणारा त्याहून महाग. दर बदलत राहतात, म्हणून भरायच्या दिवशीचा दर बघा आणि मुख्य म्हणजे तो पॅक टीव्हीवर चालतो का ते बघा. सत्तरीच्या माणसाला सहा इंचाच्या पडद्यावर चढाई दाखवून काय उपयोग?

अ‍ॅप की डिश, याचा निकाल आमच्याकडे शेजाऱ्यांनी लावला. त्यांच्या घरी डिश, आमच्याकडे सामना इंटरनेटवर. इंटरनेटचं चित्र काही सेकंद मागे असतं. आमचा गडी अजून मध्यरेषेवर 'कबड्डी कबड्डी' म्हणत उभा, तोवर भिंतीपलीकडून "ओये होये!" ऐकू यायचं. पकड झाली हे आम्हाला आधी शेजाऱ्यांकडून कळायचं, मग दिसायचं. आजोबांनी चार सामने सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "निकाल कळल्यावर खेळ बघायचा म्हणजे शिळी भाकरी." दुसऱ्या दिवशी आम्ही डिशवर चॅनेल सुरू केलं.

कबड्डी पाहायला दिल्लीइतकी चांगली जागा नाही, हे मला शेजाऱ्यांमुळेच कळलं. शेजारचे काका हरियाणाचे. दिल्ली-हरियाणा सीमेवर निजामपूर नावाचं गाव आहे, ते कबड्डीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. राकेश कुमार आणि मनजीत छिल्लर तिथलेच. हाच मनजीत 2016 मध्ये पुणेरी पलटणचा कर्णधार होता! आणि 2015 मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार गुरुग्रामजवळच्या पालडा गावचा. म्हणजे ज्यांना आपण 'आपले' म्हणून ओरडत होतो ते याच एनसीआरच्या मातीतले. काकांनी हे ऐकवलं तेव्हा आजोबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पर पलटण 2024 ला जिंकली तवा कर्णधार आमचा अस्लम इनामदार होता. नगरकडचा पोरगा." काकांना नगर कुठे ते माहीत नव्हतं. आजोबांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली आणि पाऊण तास दोघं बोलत होते. आजोबांचं हिंदी एवढं चालतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

31 ऑक्टोबर 2025 चा अंतिम सामना दिल्लीतच, त्यागराज स्टेडियममध्ये होता. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेलं हे स्टेडियम आयएनए मेट्रो स्थानकाजवळ आहे. दबंग दिल्ली विरुद्ध पुणेरी पलटण. आधीचा एक साखळी सामना आम्ही तिथे जाऊन पाहिला होता, पण गर्दीत आजोबांचा गुडघा दुखला, म्हणून अंतिम सामना घरी. शेजारचे काका-काकू आमच्याकडेच आले. टीव्हीवर हिंदी समालोचन चालू होतं. थोड्या वेळाने आजोबांनी आवाज बंद केला आणि आरवला मांडीवर घेऊन स्वतः सुरू झाले. चढाई कशी, बोनस रेषा कुठली, निदान रेषा ओलांडली नाही तर चढाई कशी फुकट जाते, कोपऱ्यातला गडी घोटा कसा धरतो, लोण चढला म्हणजे काय. आरव घरात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतो. मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत देतो. त्या संध्याकाळी तो चाळीस मिनिटं "पकड! पकड!" ओरडत होता.

पलटण 28-31 अशी हरली. काका-काकूंनी मिठाई मागवली. दिल्लीच्या संघातून अजिंक्य पवार खेळला होता, त्यावर आजोबांनी समाधान मानलं, "निम्मा कप आपलाच."

पडदा सोडून

पैशाचा प्रश्न निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगते. तुम्ही एकटेच असाल, घरात टीव्ही पाहणारं कुणी नसेल, तर हे चॅनेल घेऊ नका. तुम्ही बघणार नाही. त्या पैशात मेट्रोचं कार्ड भरा. नोएडाहून निळी लाइन थेट रामकृष्ण आश्रम मार्गला जाते. तिथून पहाडगंज. नूतन मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र भवन याच भागात. त्याच लाइनवर पुढे करोलबाग. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला जाता येतं. आर. के. पुरमच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला जाऊन बघा, सगळ्या एनसीआरची मराठी माणसं एकाच रांगेत दिसतात. 2025 च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये साहित्य संमेलन झालं, तेव्हाही तसंच वाटलं होतं. याआधी दिल्लीतलं संमेलन 1954 चं, म्हणजे सत्तर वर्षं वाट पाहिली. रोजच्यासाठी ते काही धरून चालता येणार नाही.

आणि एक जागा आहे ती कुठल्या पर्यटन यादीत सापडणार नाही. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. त्यांना गलाईवाले म्हणतात. चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत सराफांच्या गल्लीत उभं राहिलात तर माणदेशी बोली कानावर येतेच. आमचे एक चुलत काका तिथे आहेत. दुकानावरच्या खोलीत सहा-सात जण राहतात, एकच टीव्ही, एकच डिश. रिचार्ज सगळे मिळून भरतात, माणशी हिशोब वहीत लिहिलेला. क्रीडा चॅनेल फक्त कबड्डी आणि आयपीएलला. मालिका एकच, ती बहुमताने ठरते. टीव्हीच्या खर्चावर मी पाहिलेली ही सगळ्यात शहाणी व्यवस्था. ऑफिसातल्या आम्हा चार मराठी मुलींना मात्र एका अ‍ॅपचे पैसे अजून नीट वाटून घेता येत नाहीत.

आजोबा तिथे गेले की चार तास उठत नाहीत. गावातल्या कुणाचं लग्न, कुणाचा बोअर, टेंभूचं पाणी कुठवर आलं, सगळं तिथे कळतं. आजीला नेलं तर ती खोली आवरायला घेते आणि पोरांना ओरडते. घरी येताना दोघंही मेट्रोत डुलक्या घेतात.

सध्या आमच्याकडे चार मराठी चॅनेल वर्षभर आहेत, क्रीडा चॅनेल मोसमापुरतं आणि इंग्रजी सिनेमे बंद. बिल आधीपेक्षा कमीच येतं. आता शेजारच्या काकांनी आजोबांना निजामपूरची तालीम दाखवायला न्यायचं कबूल केलंय. गुडघा बरा आहे, गाडी काकांची आहे, आरवला रविवार मोकळा आहे. आजीने एवढंच बजावलंय, की सातच्या आत घरी यायचं. सातला तिची मालिका लागते आणि रिमोटवर तो नंबर कुठे आहे ते फक्त आरवला माहीत आहे.